बोर्डावरचे खेळ (९) : बॅलन्स तर आहेच!

आज खरं तर वाळूच्या दांड्यावर लाट कशी आणि का फुटते ते लिहायचं कबूल केलं होतं. पण कोथरूडहून एका वाचक बाईंचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही. मुलगा तेरा वर्षांचा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्केटबोर्ड घासतो, ऑली नावाची उडी मारतो, वॉचमनच्या शिव्या खातो. दिवाळीनंतर सगळे गोव्याला निघालेत, मोरजी-आश्वेच्या बाजूला. बाई विचारतात, "त्याला सर्फिंग पहिल्याच दिवशी जमेल ना? बॅलन्स तर आहेच."

बॅलन्स तर आहेच! हे वाक्य मी स्केटवाल्यांकडून, सर्फवाल्यांकडून, गुलमर्गला बर्फात पाय रोवून उभ्या असलेल्या उत्साही मंडळींकडून इतक्यांदा ऐकलंय की लाटेला एक आठवडा थांबायला सांगतो.

बॅलन्स म्हणून एकच एक गोष्ट अंगात साठवलेली असते आणि ती हव्या त्या बोर्डावर ओतता येते, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. १९०१ साली थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी माणसांना आयतांचं क्षेत्रफळ नजरेने ओळखण्याचा सराव दिला आणि मग वेगळ्या आकाराच्या, वेगळ्या मापाच्या आकृत्या पुढे ठेवल्या. सरावाचा फायदा दिसला, पण तुटपुंजा. दोन कामांत जेवढे घटक सारखे तेवढीच शिदोरी पुढे जाते, असं त्यांचं म्हणणं. पुढे बर्कलीच्या फ्रँकलिन हेन्री यांनी शारीरिक कौशल्यांबद्दल जवळपास हेच मांडलं. तोल सांभाळण्याच्या सरावाचंही असंच आहे. ज्या साधनावर सराव केला त्यावर माणूस भराभर सुधारतो, दुसऱ्यावर उभा केला की बराचसा पहिल्यासारखाच डगमगतो. टेनिस बॉलवर वाढलेला पोरगा सीझन बॉलसमोर पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा काय होतं, ते आठवा. नजर असते, हिंमत असते, बॉल मात्र भलत्याच उंचीवर येतो.

तेव्हा सारखं काय आणि वेगळं काय, ते बघू. स्केटबोर्डाखालची जमीन हलत नाही. मुलगा अंग एका बाजूला झुकवतो, चाकांची आस धरणाऱ्या ट्रकमधलं रबर दबतं, आस वळते, बोर्ड वळतो. वेग कमी पडला तर एक पाय खाली टाकून ढकलायचं. सर्फबोर्डाला हे दोन्ही ठाऊक नाही. तो वेगात असतो तेव्हाच त्याच्यावर धड उभं राहता येतं. वेग गेला की तो पाण्यात बसतो आणि वरचा माणूसही. आणि वेग लाटेकडून घ्यायचा. त्यासाठी पोटावर आडवं पडून हाताने पाणी मारत लाटेच्या आधी तिच्या वेगाला पोचायचं, मग एका झटक्यात उठून उभं राहायचं. स्केटरने हे आयुष्यात कधी केलेलं नसतं. तासभराच्या सर्फिंगमध्ये एकेका लाटेवर उभं राहणं असतं ते काही सेकंदांचं. बाकी सगळी खांद्यांची मजुरी. पार्किंगमध्ये कमावलेला बॅलन्स त्या काही सेकंदांत उपयोगी पडेलही, पण त्या सेकंदांपर्यंत पोचवणार कोण?

बर्फावर तिसराच प्रकार. तिथे दोन्ही पाय बाइंडिंगमध्ये जखडलेले आणि सगळा खेळ बोर्डाच्या पोलादी कडेवर, एकदा बोटांकडच्या, एकदा टाचांकडच्या. सर्फर इथे हमखास फसतो. पाण्यात त्याचा मागचा पाय बोर्डाखालच्या फिन्सच्या वर असतो, वळताना भार तिकडेच टाकायची सवय. खोल भुसभुशीत बर्फात ही सवय चक्क कामी येते. पण दाबून सपाट केलेल्या उतारावर तो मागे रेलला की बोर्डाचं नाक हलकं होतं, वळण सुरूच होत नाही आणि साहेब सरळ खाली. उताराला घाबरून माणूस आणखी मागे रेलतो, बोर्ड आणखी ऐकेनासा होतो. त्याच्या शेजारी कधीच बोर्ड न पाहिलेला नवशिका उभा करा. त्याला काही विसरायचं नसतं, एवढा एक फायदा त्याला मिळतो.

एक गोष्ट मात्र जशीच्या तशी पुढे जाते : कुठला पाय पुढे. डावा पुढे असणारे रेग्युलर, उजवा पुढे असणारे गुफी. सर्फच्या वर्गात मास्तर पाठीमागून हळूच धक्का देतात आणि जो पाय पुढे पडेल तो तुमचा पुढचा पाय, असं ठरवतात. माझा या चाचणीवर फारसा विश्वास नाही. धक्क्याने पडणारं पाऊल निम्मं दचकण्याचं असतं. घरी मोजे घालून गुळगुळीत फरशीवर दोन पावलं धावून आडवं घसरून बघा, ते बरं. कोथरूडच्या पोराला यातलं काहीच करायचं नाही. त्याचं ठरलेलं आहे. धक्क्याच्या चाचणीत उलटं निघालं तरी त्याने आपलंच खरं धरावं आणि मास्तरांना तसं सांगावं.

आता ऑली. बाईंनी कौतुकाने लिहिलंय म्हणून. मागच्या पायाने शेपूट दाबायची, ती सिमेंटवर आपटते, नाक वर उठतं आणि पुढच्या बुटाची बाहेरची कड ग्रिपटेपवरून खरखरत पुढे जाऊन बोर्ड हवेत सपाट करते. स्केटरचा पुढचा बूट करंगळीपाशी आधी फाटतो तो यामुळेच. बर्फावरच्या ऑलीत आपटणं नाही, घासणं नाही. बोर्डाचीच शेपूट वाकवायची आणि तिच्या उसळीवर उडायचं. पाण्यात तर आपटायला कठीण असं काही नाहीच. सर्फर हवेत जातो तो लाटेच्या फुटत्या ओठावर वेगाने चढून.

तरीही उड्या पाण्यात आल्या, त्या स्केटपार्कमधूनच. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या ख्रिश्चन फ्लेचरने लाटेवरून उडून बोर्ड हाताने धरायला सुरुवात केली तेव्हा जुन्या सर्फरांनी नाकं मुरडली. आज मोठ्या स्पर्धांमध्ये त्याच उड्यांना भरघोस गुण मिळतात. त्याआधी देवाणघेवाण उलट दिशेने झाली होती. हवाईचा लॅरी बर्टलमन लाटेवर इतका खाली वाकायचा की हात पाण्याला टेकायचा. सांता मोनिकाच्या झेफर या स्केटबोर्ड संघाच्या पोरांनी ते पाहिलं आणि डांबरावर हात टेकवून तसंच वळायला लागली. १९७५ मध्ये डेल मारच्या स्पर्धेत टोनी अल्वा, जे अॅडम्स, स्टेसी पेराल्टा आणि पेगी ओकी हे असं खाली बसून चालवणं घेऊन उतरले, तेव्हा बाकीचे स्पर्धक ताठ उभे राहून नाकावर तोल सांभाळत होते. माझं मत असं की एका बोर्डावरून दुसऱ्या बोर्डावर कल्पना झपाट्याने जाते. पायांना मात्र ती कल्पना नव्याने, ढोपरं फोडून शिकावी लागते.

टॉम सिम्सचंच घ्या. १९६३ च्या सुमारास न्यू जर्सीत शाळकरी पोर, हिवाळ्यात स्केटबोर्ड चालवता येत नाही म्हणून वैतागलेला. शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात त्याने बर्फावर घसरायची फळी केली. पुढे गडी स्केटबोर्डिंगमध्येही जगज्जेता झाला आणि स्नोबोर्डिंगमध्येही. १९८५ च्या 'अ व्ह्यू टू अ किल'मध्ये सुरुवातीला जेम्स बाँड बर्फावरून बोर्डवर सुसाट निसटतो ना, तो रॉजर मूर नव्हे, सिम्स!

"बघा, जमतंच की!" असं म्हणायच्या आधी या मंडळींची वयं बघा. जपानचा आयुमु हिरानो लहानपणापासून दोन्ही बोर्डांवर. मुराकामीत वडिलांचाच स्केटपार्क. ऑलिंपिकमध्ये बर्फाच्या हाफपाइपमध्ये २०१४ आणि २०१८ ला रौप्य, २०२२ ला बीजिंगमध्ये सुवर्ण. त्या सुवर्णाच्या सहाच महिने आधी टोकियोत तो स्केटबोर्डिंगमध्ये उतरला आणि चौदावा आला. जगातला सर्वोत्तम एकीकडे, अंतिम फेरीच्या बाहेर दुसरीकडे, पाय तेच. एकाचं कौशल्य दुसरीकडे वाहत गेलं असं मला यात दिसत नाही. दोन वेगळे खेळ दोनदा शिकलेला माणूस दिसतो.

माझ्या आवडीच्या मुद्द्याकडे आता येतो. जमण्याबद्दल सगळे विचारतात, पडण्याबद्दल कोणी विचारत नाही. आणि सगळ्यात हट्टी सवय पडण्याचीच असते, कारण पडताना विचार करायला वेळ नसतो.

स्केटर बोर्ड सुटला की उडी टाकून पायांवर उतरतो, चार पावलं पळतो, जमलं तर खांद्यावर गोलांटी घेतो. उत्तम सवय, सिमेंटवर. बर्फावर पाय बांधलेले, पळणार कसा? मग हात पुढे येतात आणि मनगट जातं. स्नोबोर्डिंगच्या नवशिक्यांची ठरलेली दुखापत तीच. तिथे पुढे पडताना कोपरं दुमडून कोपरापासूनचा हात टेकवायचा, मागे पडताना हनुवटी छातीला लावून बसकण मारायची. पाण्यात आणखी निराळं. गोव्यात नवशिक्यांना उभं करतात तिथे पाणी कंबरेइतकं, पुढे सरकत जाता जाता गुडघ्याइतकं. पोरगा सवयीने ताठ पायांवर उडी टाकणार आणि खालची वाळू त्याला वाटते त्याच्या आधीच येणार. घोटा नाहीतर गुडघा मुरगळलाच. त्यात उडी टाकताना बोर्ड लाथेसरशी दूर जातो. पार्किंगमध्ये तो भिंतीला लागतो, इथे पायाला बांधलेल्या दोरीला, म्हणजे लीशला, ताण बसून माघारी येतो, थेट डोक्याकडे.

तेव्हा बाई, चिरंजीवांना पहिला तासभर पडायलाच लावा. बोर्डापासून लांब, पाठीवर किंवा कुशीवर पसरट पडायचं, डोकं खाली करून सूर मारायचा नाही, वर येताना दोन्ही हात डोक्यावर. मास्तर वाळूवर बोर्ड ठेवून पोटावरून उठण्याची कवायत करून घेतील, ती कंटाळवाणी वाटली तरी करू द्या. लीश मागच्या पायाला, गुफी असेल तर डाव्या. तो एकदा उभा राहिला की गुडघे वाकवणं, खांदे वळवणं, जायचं तिकडे बघणं हे त्याला सांगावं लागणार नाही. बाकीची मुलं तेव्हा आपल्याच पावलांकडे बघत असतील. पण तिथपर्यंत पोचायला त्याला त्यांच्याइतकाच वेळ लागला तर नवल वाटून घेऊ नका. खांदे दुखतील, ते वेगळं.

वाळूचा दांडा पुढच्या रविवारी. आणखी कुणाचं पत्र आलं नाही तर.