धुराला वळण

सकाळचे साडेदहा वाजलेत. शेजाऱ्यांच्या गॅरेजचं शटर अर्धं वर आहे आणि आतून ग्राइंडर ऐकू येतो. लेकीकडे राहायला आल्यापासून माझी सकाळ इथेच जाते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात छत्तीस वर्षं पत्रा कापला, वाकवला, जोडला. तो आवाज कानावर पडला की घरात बसवत नाही.

गाव मिल सिटी. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात, नॉर्थ सँटिअम नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं. शेजारी हे पिढीजात लाकूडतोडे, वयानं माझ्याच आगेमागे. मी आत जातो तसे ते काही न बोलता एक स्टूल पायानं माझ्याकडे सरकवतात आणि हातातलं काम पुढे चालू ठेवतात.

टेबलावर त्यांचा चेनसॉ पडलाय. 50 मिलिमीटरचा बोअर, 36 चा स्ट्रोक, 70.7 सीसी, टू-स्ट्रोक. सायलेन्सर काढून बाजूला ठेवलाय आणि सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या तोंडात चिंधीचा बोळा घट्ट बसवलाय. लोखंडाचा एवढासा कीस आत गेला तरी पिस्टन ओरबाडला जातो. तो बोळा पाहिला आणि माणूस काळजीचा आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

सायलेन्सर म्हणजे चपटा डबा, मुठीपेक्षा थोडा मोठा. कारखान्यातून येतो तेव्हा त्याचं बाहेरचं भोक लहान असतं. इंजिनाला जळलेला वायू पटकन बाहेर टाकता येत नाही, म्हणून इथले बरेच लाकूडतोडे दुसरी वाट पाडतात. यांनीही गेल्या आठवड्यात 14 मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी जोडली. दोन्ही वाटांचं क्षेत्रफळ मिळून सिलिंडरच्या तोंडाच्या पाऊण हिश्शाच्या आसपास ठेवायचं, हा इथला ठोकताळा. मग कार्बोरेटरचा हाय स्पीडचा स्क्रू थोडा उघडावा लागतो. वायू मोकळा झाला की हवाही जास्त ओढली जाते. पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. हे न करता नुसतं भोक पाडणारे महिन्याभरात नवं सिलिंडर शोधत फिरतात.

इथल्या संघीय कायद्याला इंजिनाच्या धूर-नियंत्रणात केलेली ढवळाढवळ मान्य नाही, आणि मलाही या खटाटोपातला वाढणारा आवाज पटत नाही. मी ते त्यांना तोंडावर सांगितलंय. त्यांनी ऐकून घेतलं आणि कानावरचं संरक्षक काढून दाखवलं. डाव्या कानानं त्यांना फार कमी ऐकू येतं.

पण आजचं काम ताकद वाढवायचं नाही, परवा जे दिसलं ते निस्तरायचं आहे. करवत सरळ धरून ओंडका कापताना नव्या नळीचा झोत बाजूला, मोकळ्या हवेत जात होता. उभं झाड पाडायला करवत आडवी धरावी लागते. तशी धरताच तो झोत थेट खाली वळला, डग्लस फरच्या बुंध्याशी साचलेल्या वाळक्या सुयांवर. त्यांनी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं, सुयांवर पाण्याची बाटली ओतली आणि त्या दिवशी पुन्हा करवतीला हात लावला नाही.

गॅरेजच्या मागच्या खिडकीतून डोंगर दिसतो. 2020 च्या सप्टेंबरात या राज्यात दहा लाख एकरांहून जास्त जमीन जळाली आणि चार हजारांवर घरं गेली. याच नदीच्या वरच्या अंगाची गेट्स आणि डेट्रॉइट ही गावं त्यात होरपळली. डोंगरावर अजून काळे सोट उभे आहेत, त्यांच्या पायाशी हिरवं झुडूप माजलंय. इथे बसून काम करणाऱ्याला ती खिडकी चुकवता येत नाही.

म्हणून आज डिफ्लेक्टर. नळीच्या तोंडावर बसणारी चोच म्हणा. झोत पुढे आणि किंचित वर वळवायचा, आणि तो पात्यावर, हँडल धरलेल्या हातावर किंवा प्लॅस्टिकच्या झाकणावर येऊ द्यायचा नाही. करवत दोन्ही कुशींवर आडवी केली तरी जमिनीकडे जाऊ द्यायचा नाही. बोलायला सोपं आहे. त्यांनी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे चार नमुने कापले, त्यातले तीन खाली पडलेत. चौथा ते सायलेन्सरवर धरतात, करवत डावीकडे पाडतात, उजवीकडे पाडतात, डोळा बारीक करून बघतात.

नमुना ठरतो. 304 स्टेनलेसचा सव्वा मिलिमीटरचा पत्रा. मार्करची रेघ, कातर, कानस. मग व्हाइसमध्ये लोखंडी गज धरून त्याभोवती प्लॅस्टिकच्या हातोडीनं वाकवणं. स्टेनलेस वाकवला की थोडा मागे येतोच, त्यामुळे दोन अंश जास्त वाकवायचा. ते त्यांना ठाऊक आहे. पण वळण फार आवळलं जातंय. मी कॅलिपर उचलतो आणि चोचीच्या गळ्यात घालतो. अकरा.

"चौदाची नळी आणि अकराचा गळा," मी म्हणतो. "वायू इथेच तुंबणार. गरमी परत इंजिनात."

ते कॅलिपर स्वतः लावून बघतात. मान हलवतात. तासाभराची मेहनत भंगाराच्या डब्यात जाते.

दुसरा तुकडा मी कापतो. वळणाच्या आतल्या बाजूला व्हीसारखी खाच मारायची, म्हणजे पत्रा सुरकुतत नाही, दुमडून कडेला कड भिडते आणि गळा मोकळा राहतो. वडिलांनी मला हे पन्हाळीच्या कोपऱ्यावर शिकवलं होतं. आता गळ्यात पंधरा मिळतात आणि ते माझ्या खांद्यावर हात ठेवतात.

वेल्डिंग त्यांचं. सायलेन्सरवरचा काजळीचा थर त्यांनी कालच जाळून आणि घासून काढलाय. टू-स्ट्रोकच्या धुरात तेल असतं. ते धातूत राहिलं तर वेल्डिंगला बारीक भोकं पडतात. साधं लोखंड आणि स्टेनलेस जोडायला 309 ची सळई. मी तोंड फिरवतो. टिगची बारीक शीळ थांबल्यावर बघतो तर शिवणीच्या कडेनं पत्र्यावर आधी गवती पिवळा, मग निळा रंग चढलाय. शिवण एकसारखी आहे. चोचीच्या आत स्टेनलेसची जाळी बसते. ठिणगी अडवणाऱ्या जाळीचं भोक 0.023 इंचाच्या, म्हणजे 0.6 मिलिमीटरच्या आत हवं. ती दोन स्क्रूंवर धरलीय, कारण काजळीनं बुजली की काढून साफ करता आली पाहिजे. जाळी वेल्ड करून टाकणारा माणूस सहा महिन्यांनी ती ठोकून फोडतो आणि मग जाळीशिवायच काम करतो.

घड्याळात बारा वीस. एक वाजता करवत बंद करावीच लागणार. आगीचा धोका दुसऱ्या पायरीवर गेला की दुपारी एक ते रात्री आठ जंगलपट्ट्यात चेनसॉ चालवायला मनाई असते. लाकूडतोडे मग घुबडं घुमत असतात तेव्हाच अंधारात कामाला लागतात, म्हणून या पायरीला इथे 'हूट आउल' म्हणतात.

अंगणातली जागा त्यांनी मातीपर्यंत खरवडून ठेवलीय. फावडं आणि आग विझवायचा लहान सिलिंडर हाताशी. एका काठीला ते झाडांवर खुणेसाठी बांधतात ती गुलाबी प्लॅस्टिकची फीत लावतात आणि काठी माझ्याकडे देतात. इंजिन सुरू होतं. मी फीत करवतीभोवती हळूहळू फिरवतो. पात्यापाशी ती लोंबते. हँडलपाशी लोंबते. पुढच्या बाजूला, वरच्या अंगाला नेताच फडफडते आणि टोकाशी आक्रसून गोळा होते. ते करवत आडवी करतात. मी फीत जमिनीलगत धरतो. हलत नाही. दुसऱ्या कुशीवर. हलत नाही.

मग एक ओंडका. मोकळं फिरताना इंजिनाचा आवाज किंचित अडखळता, पातं लाकडात शिरताच स्वच्छ. म्हणजे मिश्रण बरोबर आहे. भुसा पिवळा, जाड आणि लांब पडतो. बाराला पन्नास झाले असताना ते बटण दाबतात.

काम थांबल्यावर तासभर राखण करायची, हाही इथला नियम आहे. ते कापलेल्या ओंडक्यावर बसतात, मी दुसऱ्या तुकड्यावर. फावडं दोघांच्या मध्ये. लेक दारातून जेवायला हाक मारते. मी हातानंच सांगतो, दोनला. ते वाकून भुशात बोटं घालतात, खालपर्यंत चाचपतात. थोड्या वेळानं मीही घालतो. भुसा गार आहे.