ट्रिपल सीट, तुटलेला दात आणि केळीचा घड

माहीत आहे का, आपला लाडका 'चारसोबीस' १ जुलै २०२४ ला रिटायर झाला? त्या दिवशी भारतीय न्याय संहिता लागू झाली. १८६० च्या जुन्या दंड संहितेत ५११ कलमं होती, नवीत ३५८. त्यामुळे ४२० शोधायला निघालात, तर कलमाच्या आधी पुस्तकच संपतं! फसवणुकीचा नवा पत्ता आहे ३१८, पोटकलम ४. पण 'तो एक नंबरचा तीनशे अठरा पोटकलम चार आहे' असं म्हणून बघा बरं. जीभच वळत नाही. जळगावच्या फुले मार्केटमध्ये चारसोबीस चारसोबीसच राहणार, लिहून घ्या.

आणि भांडणात 'तुझ्यावर ३०२ लावीन' म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा. खून आता १०३ वर शिफ्ट झालाय. नव्या ३०२ मध्ये काय आहे? मुद्दाम कुणाच्या धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारणं! जमावबंदीचं १४४ झालंय १६३.

धुळेकरांना मात्र या आकड्यांच्या अदलाबदलीचं कौतुक नसावं. त्यांच्या दारातले दोन्ही हायवे आधीच नाव बदलून बसलेत. मुंबई-आग्र्याचा ३ नंबर नाशिककडे ६० झाला, शिरपूरकडे ५२. सुरत-नागपूरचा ६ नंबर झाला ५३. चहाच्या टपरीवर आजही 'सहा नंबर'च चालतो, तो भाग वेगळा.

(बाय द वे, १ जुलै हा नंदुरबार जिल्ह्याचाही बर्थडे. १९९८ चा.)

घड झाडावर, चोरी हवेत

आता रावेर-यावलवाल्यांनी कान टवकारा. समजा, रात्री कुणीतरी तुमच्या केळीच्या बागेत शिरला. हातात विळा, डोळा घडावर. चोरी कधी झाली? बागेत पाय ठेवला तेव्हा? घडाला हात लावला तेव्हा? की बांध ओलांडून मोटारसायकलवर टाकला तेव्हा?

तिन्ही उत्तरं चूक! नव्या संहितेच्या कलम ३०३ चं स्पष्टीकरण सांगतं, की जमिनीला जोडलेल्या वस्तूची चोरी होऊच शकत नाही. घड खोडाला आहे तोवर तो जमिनीचाच भाग. विळा फिरला, घड सुटला, की त्या क्षणी ती 'जंगम' वस्तू झाली आणि चोरी पूर्ण! बांधापर्यंत जायचीसुद्धा गरज नाही. (विळा फिरण्याआधी पकडला तरी तो सुटला असं समजू नका. अतिक्रमण आणि चोरीचा प्रयत्न हे दोघं दबा धरून बसलेलेच असतात.)

ट्विस्ट अजून बाकी आहे. माल ५,००० रुपयांच्या आतला, चोर पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि त्याने माल किंवा किंमत परत केली, तर शिक्षा काय? समाजसेवा! शिक्षांच्या यादीत हा आयटम पहिल्यांदाच आलाय. कोर्ट सांगेल ते लोकोपयोगी काम करायचं, मजुरी शून्य. एका घडाचा भाव कितीही चढला तरी तो ५,००० च्या आतच, तेव्हा घडचोर या स्कीमला अगदी फिट्ट बसतो.

याच कलमातली उदाहरणं तर पोट धरून हसायला लावतात. खिशात खाऊ ठेवून दुसऱ्याच्या कुत्र्याला मागे यायला लावलं, तर कुत्रा चालू लागताच चोरी झाली. खजिन्याची पेटी लादलेला बैल दिसला आणि तुम्ही त्याला आपल्या दिशेला हाकललं, तर बैलाने पाऊल उचलताच खजिना चोरला! १८६० मधला हा बैल २०२४ च्या कायद्यातही तितक्याच डौलात चालतोय. पोळ्याला त्यालाही एक पुरणपोळी द्यायला हवी.

चार जण कमी, पाच जण डेंजर

लुटणारे चार असतील तर जबरी चोरी. पाचवा आला की दरोडा! माहीत आहे का, आपल्या धुळे जिल्ह्यातला सगळ्यात अभिमानाचा 'दरोडा' कोणता? १४ एप्रिल १९४४, शिंदखेड्याजवळचं चिमठाणे. क्रांतिकारकांनी इंग्रज सरकारचा साडेपाच लाखांचा खजिना भरदिवसा उडवला. सरकारी दप्तरात गुन्हेगार, खान्देशात हिरो.

सुवर्णनगरी जळगावसाठी खास खबर: गळ्यातली चेन हिसकावणं हा आता स्वतंत्र गुन्हा आहे. कलम ३०४, तीन वर्षांपर्यंत कैद. जुन्या संहितेत 'स्नॅचिंग' हा शब्दच नव्हता!

दात घशात? सात वर्षं आत!

'दात घशात घालीन' ही आपली आवडती धमकी. पण माहीत आहे का, कायद्याने 'गंभीर दुखापती'चे मोजून आठ प्रकार ठरवलेत आणि त्यात डोळा, कान, हाड यांच्या पंगतीला चक्क दातही बसलाय? दात तुटला किंवा निखळला, की ती गंभीर दुखापत. जाणूनबुजून पाडला असेल तर सात वर्षांपर्यंत तुरुंग. एका दाताला सात वर्षं, बत्तीशीचा हिशोब तुम्हीच करा.

पूर्वी २० दिवस तीव्र वेदना झाल्या तर जखम गंभीर धरत. आता १५ दिवस पुरतात.

उलट टोकही बघा. कलम ३३ म्हणतं, इजा इतकी क्षुल्लक असेल की समंजस माणूस तक्रारच करणार नाही, तर तो गुन्हाच नव्हे. भुसावळ स्टेशनवर गर्दीत लागलेला कोपर हा इथला आदर्श उमेदवार.

'कथा चालना भो?' कॅमेऱ्याकडे!

आता रस्त्यावर या. कॅमेऱ्याने चलान फाडायचे केंद्र सरकारचे नियम २०२१ मध्ये आले. सोबत देशातल्या १३२ शहरांची यादीही आली. तिच्यात जळगाव आहे, धुळे नाही. धुळेकर, इतक्यात खूश होऊ नका. हायवेवरही कॅमेरे लावायला सांगितलंय. पण कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी तशी सूचना देणारा ठळक फलक लावायचा, हेही त्याच नियमांत आहे. कॅमेरा लपून, फलक गायब, असं चालत नाही.

ट्रिपल सीट? मोटार वाहन कायद्यात १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स घरी. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही लागतं, अगदी चार वर्षांवरच्या पोरालाही. आणि शोरूममधून नवी दुचाकी घेताना हेल्मेट सोबत द्यायचं, असा केंद्रीय नियमच आहे. पुढच्या वेळी पेढ्यांचा बॉक्स घेताना आठवणीने मागा.

कागद घरी विसरले? डिजिलॉकरमधलं लायसन्स आणि आरसी कायद्याने चालतं. झेरॉक्सचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो मात्र नाही हं! ॲम्ब्युलन्सला वाट दिली नाही तर १०,००० रुपये. विनाकारण पोंपों केलंत तर १,०००. लग्नाच्या वरातीतला म्युझिकल हॉर्न तर मुळातच बंद.

आणि हा बाउन्सर खास बापलोकांसाठी. दहावीतल्या चिरंजीवांच्या हाती बुलेट दिलीत? सापडलात तर २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि चिरंजीवांना पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. 'साहेब, मला न सांगता नेली हो' हे नुसतं म्हणून भागत नाही, ते सिद्ध तुम्हीच करायचं. आता गंमत: सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, पण ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. तशी गाडी शोरूममध्ये दिसली तर कळवा.

एक शिलिंग ते शंभर कोटी

जगातला पहिला ओव्हरस्पीडिंगवाला कोण, माहीत आहे का? वॉल्टर अर्नोल्ड. १८९६, इंग्लंडमधलं केंट. मर्यादा ताशी २ मैल, पठ्ठ्या गेला ८ ने. पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून धरला! दंड: एक शिलिंग.

फिनलंडमध्ये दंड कमाईवर ठरतो. २०२३ मध्ये तिथल्या एका अब्जाधीशाने ५० च्या टप्प्यात ८२ ने गाडी हाकली आणि १ लाख २१ हजार युरो मोजले. आपल्याकडे नॅनो असो वा मर्सिडीज, दंड सेम टू सेम.

पण आकड्यांचा दादा शोधायला खान्देशाबाहेर जायची गरजच नाही. जळगावच्या गाजलेल्या घरकुल घोटाळ्याचा निकाल ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने दिला. ४८ जण दोषी, त्यात माजी मंत्री. एकाला सात वर्षं कैद आणि दंड तब्बल १०० कोटी रुपये! प्रकरण पुढे अपिलात गेलं. तरीही आकडा वाचताना शून्यं मोजावी लागतात.

धडक सुरतला, दावा जळगावला

आता जरा सिरियस. खान्देशातली हजारो माणसं सुरतेत कामाला आहेत. तिथे अपघात झाला तर भरपाईसाठी सुरत कोर्टाच्या चकरा? अजिबात नाही. तुम्ही राहता त्या भागातल्या मोटार अपघात न्यायाधिकरणातही दावा लावता येतो. कायद्यात मुदत आहे सहा महिन्यांची. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर झोपू नका.

ठोकून पळाला, नंबर दिसलाच नाही? तरी मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमेला ५०,००० रुपये सरकारी योजनेतून मिळतात. १ एप्रिल २०२२ च्या आधी हेच आकडे २५,००० आणि १२,५०० होते. अर्ज तहसील-प्रांताकडे जातो, हे गावात फार थोड्यांना माहीत असतं.

'ती काय, घरीच असते' म्हणणाऱ्यांनो, ऐका. लता वाधवा खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये गृहिणीच्या कामाचा हिशोब धरला महिना ३,००० रुपये, तेव्हाचे! पगाराची स्लिप नाही म्हणजे कमाई नाही, हा युक्तिवाद भरपाईच्या कोर्टात टिकत नाही.

जखमीला उचललं तर पोलिसांचं लचांड मागे लागेल? नाही लागत. कायदा तुम्हाला संरक्षण देतो, नाव सांगायची सक्ती नाही. शिवाय पहिल्या तासात दवाखान्यात पोचवून जीव वाचवलात, तर 'राह-वीर' म्हणून २५,००० रुपयांचं बक्षीस. जखमीवर सात दिवस, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची योजना मे २०२५ पासून आहे.

ठाण्याची पायरी, रॅपिड फायर!

पारोळ्यात पर्स मारली, धुळ्यात लक्षात आलं? धुळ्यातच एफआयआर. तिला म्हणतात 'झिरो'. कॉपी फुकट.

सूर्य मावळला? अपवाद सोडले तर बाईमाणसाला अटक नाही. अपवादालाही महिला पोलीस अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते.

साठी ओलांडली आणि गुन्हा तीन वर्षांच्या आतल्या शिक्षेचा? डीवायएसपींच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. आजोबा, एकदा कॉलर टाईट करा.

वकील परवडत नाही? १५१०० फिरवा. महिलांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अटच नाही.

हायकोर्ट गाठायचं? महसूल विभाग आपला नाशिक, पण खंडपीठ छत्रपती संभाजीनगर. म्हणजे चाळीसगावकडून कन्नडचा औट्रम घाट चढायचा. आणि याच खंडपीठाने २०२३ मध्ये त्या घाटात जड वाहनांना बंदी घातली! फाईल कितीही जड असली तरी हलक्या गाडीनेच न्यावी.

तुरुंगाचा रेकॉर्डही आपल्याकडेच. १९३२, धुळ्याचा जेल. विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि शेजारी बसून लिहून घेत कोण? साने गुरुजी! १८ अध्याय, १८ प्रवचनं, पुस्तक 'गीता प्रवचने'. सक्तमजुरीतून एवढं उत्पादन दुसऱ्या कुठल्या जेलने काढलंय?

शेवटचा फटाका. माहीत आहे का, कायदा राबवणाऱ्यांनीच मोटार वाहन कायदा मोडला तर दंड किती? डब्बल! कलम २१०-ब. म्हणजे बिनहेल्मेटचा साहेब दिसला की मनातल्या मनात गुणिले दोन करायचं. पावती कोण फाडणार, ते कलमात दिलेलं नाही.