रियुनियनची चूल आणि वऱ्हाडचा काळा दगड
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

शाळेत भूगोल शिकवत असताना दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असायचा. पुस्तकात फुजियामा, व्हेसुव्हियस, हवाई बेटे यांची चित्रे आली की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "सर, आपल्याकडं काहून नाही ज्वालामुखी?" एखादा हुशार विद्यार्थी लगेच म्हणायचा, "आहे ना, लोणारला." लोणारच्या विवराला पूर्वीच्या काही भूवैज्ञानिकांनीही ज्वालामुखीच मानले होते. पण ते विवर आकाशातून येऊन आदळलेल्या उल्केचे आहे, हे आता पक्के झाले आहे. मग मी त्या मुलांना खिडकीतून बाहेर बघायला सांगायचो. शाळेच्या कुंपणाचा दगड, रस्त्यावरची गिट्टी, अंगणातला पाटा, शेतातली काळी माती, हे सगळे ज्वालामुखीतूनच आलेले आहे. आपण ज्वालामुखीच्या अंगावरच राहतो, फक्त त्याला डोंगराचा आकार नाही.

चिखलदऱ्याला गेलात तर पंचबोल पॉइंटवर थोडा वेळ थांबा. समोरच्या कड्यांकडे पाहिले की आडव्या पट्ट्या दिसतात, एकावर एक रचलेल्या पायऱ्यांसारख्या. स्वीडिश भाषेत पायरीला 'ट्रापा' म्हणतात, त्यावरून या खडकाला 'ट्रॅप' हे नाव पडले. साधारणपणे एकेक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक लोंढा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी हे लोंढे वाहिले. शंकूसारख्या डोंगराच्या तोंडातून ते आले नाहीत. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात, तशा जमिनीला मैलोन् मैल लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पसरत गेला. असा प्रकार माणसाने अलीकडच्या काळात पाहिला तो आइसलँडमध्ये, 1783 साली. तिथे लाकी नावाच्या ठिकाणी सुमारे 27 किलोमीटर लांबीची भेग आठ महिने लाव्हा ओकत होती. दख्खनपुढे ते म्हणजे अगदीच लहान प्रकरण. आज झिजून उरलेला दख्खनचा लाव्हाच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते, नागपूरकडे ती कमी होत जाते. आणि त्याखाली काय दडले आहे? मोर्शीजवळच्या सालबर्डी परिसरात लाव्हाखालचे जुने थर उघडे पडले आहेत आणि त्यांत डायनासोरच्या अंड्यांची घरटी सापडली आहेत.

एवढी आग आली कुठून आणि गेली कुठे? उत्तरासाठी हिंदी महासागरातल्या एका बेटावर जावे लागते. अकोल्यापासून सुमारे पाच हजार किलोमीटरवर रियुनियन नावाचे फ्रेंच बेट आहे. तिथला पितों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी सरासरी वर्षा-दीड वर्षाने जागा होतो. 2007 च्या एप्रिलमध्ये तर त्याच्या माथ्यावरचे विवर सुमारे तीनशे मीटर खाली खचले. बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते तीच आपली चूल.

गृहिणींना हे चटकन समजेल. चूल एका जागी आहे आणि तिच्यावरून तवा हळूहळू सरकवला, तर तव्यावर डागांची एक ओळ उमटेल. पृथ्वीच्या पोटात खोलवर असा एखादा तप्त भाग बराच काळ जवळपास जागच्या जागी राहतो आणि वरचे भूपट्ट सरकत राहते. 1963 साली कॅनडाच्या टूझो विल्सन यांनी हवाई बेटांची रांग पाहून ही कल्पना मांडली. आपला भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे वर्षाला पंधरा-सोळा सेंटिमीटर अशा वेगाने धावत होता. ऐकायला कमी वाटते, पण खंडांच्या हिशेबात ही घोडदौडच. चुलीवर आला तेव्हा दख्खन पेटले. भारत पुढे सरकला आणि त्याच्या मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी ज्वालामुखींची रांग उमटत गेली. ते पुढे समुद्रात खचले आणि त्यांच्या माथ्यावर प्रवाळांनी घरे बांधली. म्हणून मालदीवला जाऊन आलेल्यांना काळा दगड दिसत नाही, पांढरी वाळूच दिसते. 1987 साली जहाजावरून समुद्रतळाला छिद्रे पाडून खडक वर काढले, तेव्हा दक्षिणेकडे जावे तसतसे त्यांचे वय कमी होत गेले. त्यानंतर समुद्रातली एक मोठी भेग चुलीवरून सरकली आणि चूल आफ्रिकेच्या भूपट्टाखाली आली. मग मॉरिशस झाले, सुमारे 80-90 लाख वर्षांपूर्वी, आणि शेवटी रियुनियन.

मॉरिशसचे नाव घेतले की मला नेहमी एक गंमत वाटते. एकोणिसाव्या शतकात कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातून मराठी माणसे करारावर तिथल्या उसाच्या मळ्यांत गेली. त्या मळ्यांतून वेचलेल्या काळ्या दगडांच्या राशी आजही तिथे उभ्या आहेत. घर सुटले, समुद्र ओलांडला, आणि हाताला लागला तो त्याच चुलीवरचा दगड! ज्या गंगा तलावावर तिथले लोक महाशिवरात्रीला कावडी घेऊन जातात, तोही ज्वालामुखीच्या विझलेल्या मुखातलाच.

हे सगळ्यांनाच मान्य आहे असे मात्र नाही. मुंबईच्या आयआयटीतले हेतू शेठ यांच्यासारखे भूवैज्ञानिक म्हणतात, की खोलवरच्या चुलीची गरजच नाही. भूपट्ट ताणले जाऊन फाटले तरी लाव्हा येऊ शकतो. वाद चालू आहे. मला स्वतःला चुलीची बाजू जड वाटते, कारण बेटांच्या वयाचा क्रम दुसऱ्या रीतीने सहज उलगडत नाही.

आता कोणी म्हणेल, आम्हाला याचे काय? आहे ना. वरूड-मोर्शीचे संत्रा बागायतदार ऐकत असतील तर त्यांच्यासाठीच सांगतो. लाव्हाचा लोंढा थंड होताना त्यातली वाफ बुडबुड्यांच्या रूपाने वर येते, म्हणून प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र होतो. त्याला आपण मांजऱ्या खडक म्हणतो. त्याच्या छिद्रांत पांढरे स्फटिकही भरलेले असतात, पोरे गारगोट्या म्हणून खिशात घालतात. मधला भाग मात्र घट्ट, काळा, पोलादासारखा. पाणी राहते ते कुजलेल्या मुरमात, फुटलेल्या मांजऱ्यात आणि भेगांत. घट्ट पाषाणात भेग नसेल तर पाणी नाही, मग तो शंभर फुटांवर असो की आठशे फुटांवर. पूर्णेच्या खोऱ्यातली गोष्ट वेगळी. तिथे सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचली, खडक खोल गेला आणि वर शेकडो मीटर गाळ साचला. पाणी आहे, पण दर्यापूर-अकोटकडच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांना त्याची चव विचारा!

वरूड आणि मोर्शी हे तालुके भूजलाच्या नोंदीत वर्षानुवर्षे अतिशोषित म्हणून मोडत आले आहेत. माझ्या मामांनी तिकडच्या बागेत एकामागून एक पाच बोअर घेतले. शेवटचा सातशे फुटांच्या खाली गेला. मी तिथे उभा होतो. मशीनमधून तासन् तास राखाडी, कोरडी भुकटी उडत होती, झाडांची पाने पांढरी झाली होती आणि मामा म्हणत होते, "आणखी पन्नास फूट जाऊ द्या." ती भुकटी घट्ट पाषाणाची होती, चिमटीत धरून पाहिली असती तरी कळले असते. दोनशेहून अधिक झाडे त्या उन्हाळ्यात तोडावी लागली. उरलेली बाग जगली ती जुन्या विहिरीवर. आजोबांनी सुरुंग लावून खणलेल्या त्या विहिरीला झरा आहे पंचेचाळीस फुटांवर, मांजऱ्याच्या पट्ट्यात. नाल्यावर बांध घातल्यापासून तो मार्चअखेरपर्यंत टिकतो.