निम्म्या शिलकीचं मरण

मरणाची किंमत किती? ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या जपानी व्हिडिओ गेमनं तिचं उत्तर चोख देऊन ठेवलं आहे : हातातल्या सोन्याची निम्मी शिल्लक. लढाईत आपण मेलो, की पुन्हा राजासमोर उभे राहतो. राजा दोन शब्द सुनावतो, निम्मी नाणी वजा होतात आणि खेळ पुढे चालू. या मालिकेतल्या पुढच्या काही खेळांत तर चक्क बँक आहे! तिथं हजाराच्या पटीत ठेव ठेवली, की मेल्यावरही ती सुरक्षित. सारी नोकरी ठेवी मोजण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला याचं कौतुक वाटल्याशिवाय राहिलं नाही.

हा खेळ मे १९८६ मध्ये आला. कल्पना युजी होरी यांची, चित्रं अकिरा तोरियामा यांची आणि संगीत कोइची सुगियामा यांचं. तोरियामा २०२४ मध्ये गेले, सुगियामा त्याआधी, २०२१ मध्ये. खेळातला नायक मुका आहे. बोलत नाही, कारण तो म्हणजे आपणच. भीती आपली, धाडसही आपलंच.

आता याच खेळावरून चित्रकथा करायची म्हटलं, तर पंचाईत होते. वाचकाच्या हाती बटण नसतं, आणि मुका नायक कागदावर नुसता ठोकळा दिसतो. १९८९ मध्ये लेखक रिकू सांजो आणि चित्रकार कोजी इनादा यांनी ‘साप्ताहिक शोनेन जंप’मध्ये ‘दाईचं महासाहस’ सुरू केलं. ते १९९६ पर्यंत चाललं आणि त्याची ३७ पुस्तकं झाली. (२०२२ पासून ती इंग्रजीतही येऊ लागली, म्हणून तर आमच्यासारख्यांच्या घरात नातवंडांच्या मागोमाग शिरली.) त्यांनी कुठल्याही एका खेळाची गोष्ट पुन्हा सांगितली नाही. राक्षस, हत्यारं, मंत्र तेवढे उचलले. आणि मरण महाग केलं.

‘मेगांते’ नावाचा एक मंत्र आहे. म्हणणारा स्वतःचा प्राण देऊन शत्रूला उडवतो. खेळात त्याचं काय वाटायचं? चर्चमध्ये पैसे मोजले, की गडी पुन्हा उभा. चित्रकथेत मात्र बारा वर्षांच्या दाईचे गुरू अवान हा मंत्र म्हणतात, तेव्हा पुढं काय होणार हे खेळ खेळलेल्या प्रत्येक पोराला पान उलटण्याआधीच कळतं. आणि इथं पैसे घेणारा पाद्री जवळपास कुठं नाही.

दाई हा खरा वीर. राक्षसांनी एका बेटावर वाढवलेला, अंगात अद्भुत रक्त असलेला. तो मला आवडतो, पण माझा जीव जडला तो पॉपवर. पॉप हा खेड्यातल्या हत्यारांच्या दुकानदाराचा मुलगा. घरातून पळून अवानचा शिष्य झालेला, आणि पुढं संकट दिसलं की तिथूनही पळणारा. पहिल्या मोठ्या लढाईत दाईला एकटं सोडून हा लपून बसतो. त्याला परत पाठवतो कोण? नकली वीरांच्या टोळीतला एक भोंदू म्हातारा जादूगार. आपण उमेदीत पळालो आणि कसे होऊन बसलो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मला हा प्रसंग साऱ्या मालिकेतला सर्वांत खरा वाटतो.

पुढं दाईचा बाप बारान मुलाची स्मृती पुसून त्याला न्यायला येतो, तेव्हा हाच पळपुटा पॉप बारानला कवटाळून मेगांते म्हणतो. आणि मरतो. त्याला पुन्हा जीव येतो तो शत्रूच्या, त्याच बारानच्या रक्तानं. निम्म्या सोन्याचा हिशेब इथं लागत नाही.

तरीही पॉपचा न्यूनगंड जात नाही. अवानच्या खुणेचे खडे पाच जणांकडे, चौघांचे उजळतात. याचा उजळत नाही. जखमी मेर्ल, जिचं त्याच्यावर प्रेम आहे, तुझं मन कोणावर आहे ते सांग म्हणते. त्याचं मन मामवर. ते नाव तोंडातून निघाल्यावरच खडा पेटतो. राक्षसांशी लढायला जेवढं धैर्य लागलं नाही, तेवढं या एका नावाला लागलं!

माझी एक तक्रार आहे. अखेरीअखेरीस अवान जिवंत परत येतात. बुडीत खात्यात टाकलेलं कर्ज अचानक वसूल व्हावं तसं. आनंद होतो खरा, पण आधीच्या अश्रूंची किंमत थोडी कमी होते.

शेवटी मात्र सांजोंनी हात आखडता घेतला आहे. पृथ्वी उद्ध्वस्त करू शकणारा स्फोटक गोळा दाई आणि पॉप आकाशात वर नेतात. ऐन वेळी दाई मित्राला लाथ मारून खाली ढकलतो आणि एकटाच वर जातो. स्फोट होतो. दाई सापडत नाही. मित्र त्याची तलवार समुद्रकाठच्या कड्यावर रोवून ठेवतात. तिच्या मुठीतलं रत्न अजून चमकतं आहे. ते विझलेलं नाही म्हणजे धनी कुठंतरी जिवंत आहे, एवढ्या भरवशावर सगळे त्याला शोधायला निघतात, आणि सर्वांत पुढं दुकानदाराचा पोरगा असतो.