अंगाच्या उष्णतेवर चालणारी पट्टी मालेगावच्या उन्हात चालेल का?

उन्हाळ कांद्याची काढणी जोरात येते आणि नेमक्या त्याच दिवसांत मालेगावचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. कांदा काढणाऱ्या बाया, पत्र्याच्या शेडखाली यंत्रमाग चालवणारे कामगार, रस्त्याच्या कामावरचे मजूर, कुणाचीच यातून सुटका नाही. ऊन लागत असल्याचे माणसाला स्वतःला उशिरा कळते, हीच खरी अडचण आहे.

हे आधी कळावे म्हणून मनगटाला किंवा दंडाला बांधायच्या पातळ, लवचिक पट्टीवर जगभर संशोधन चालू आहे. तिला सेल लागू नये, अंगाच्या उष्णतेवरच तिने तापमान सांगावे, अशी कल्पना आहे.

यामागचे तत्त्व जुने आहे. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकांशी जोडल्या आणि एक सांधा गरम, दुसरा थंड ठेवला, तर तारेत वीज वाहते. जर्मन शास्त्रज्ञ सीबेक यांना १८२१ साली हा परिणाम आढळला. भट्टीचे तापमान मोजणारे थर्मोकपल याच तत्त्वावर चालते. सायको कंपनीने १९९८ मध्ये अंगाच्या उष्णतेवर चालणारे मनगटी घड्याळही काढले होते.

या कामाला बिस्मथ टेल्युराइड हा पदार्थ चांगला, पण तो पापडासारखा मोडतो. म्हणून त्याचे बारीक तुकडे लवचिक प्लास्टिकवर बसवतात. चांदीचे पैंजण काळे पडतात, तो काळा थर म्हणजे चांदी आणि गंधकाचे संयुग. हेच संयुग न तुटता धातूसारखे वाकते, असे चीनमधील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दाखवले. तेव्हापासून लवचिक पट्टीची आशा वाढली.

आता आपल्या कामाचा मुद्दा. अशा पट्टीला वीज मिळते ती कातडी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकातून. बिस्मथ टेल्युराइडची एक जोडी एका अंशाच्या फरकाला सुमारे ०.४ मिलिव्होल्ट देते. ५० जोड्या आणि पट्टीच्या दोन बाजूंत २ अंशांचा फरक धरला, तर मिळाले ४० मिलिव्होल्ट. टॉर्चचा सेल १५०० मिलिव्होल्टचा असतो, म्हणजे मुळातच कमाई तुटपुंजी.

त्यात मालेगावचा हिशेब बघा. कातडी साधारण ३४-३५ अंशांची. सकाळी हवा २६ अंशांवर असताना पट्टी चालेल. हवा ३५ अंशांवर आली की फरक संपला, वीजही संपली. दुपारी हवा ४२ वर गेली की उष्णता बाहेरून आत येते आणि वीज उलट्या दिशेने वाहते. थंड देशात बिनतक्रार चालणारी पट्टी आपल्याकडे ऐन धोक्याच्या वेळेआधीच गप्प बसू शकते. उलटी वीज वापरून घेणारी जोडणी किंवा छोटा सेल तिला द्यावा लागेल. पट्टीची बाहेरची बाजू ओल्या फडक्याने थंड ठेवली, तर माठ जसा पाझरून गार होतो, तसा फरक पुन्हा तयार होऊ शकतो. आपल्या कोरड्या हवेत हे जमण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट ध्यानात घ्या. पट्टी कातडीचे तापमान सांगते, अंगाच्या आतले नाही. उष्माघातात आतले तापमान ४० अंशांच्या वर जाते. घामाने कातडी गार लागली, तरी आत धोका असू शकतो.

म्हणून उद्या कुणी विक्रेता अशी पट्टी घेऊन ग्रामपंचायतीत आला, तर सरपंच आणि अधिकाऱ्यांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत. ४० अंशांच्या वरच्या हवेत हिची चाचणी झाली आहे का? घामाने भिजल्यावर आकडा बरोबर येतो का? आतल्या तापमानाचा अंदाज कसा काढता? लेखी उत्तर मिळाल्याशिवाय पैसा खर्च करू नये.

तोवर साधे उपाय सोडू नका. कांदा काढणी पहाटे सुरू करा, दुपारी १२ ते ४ सावलीत थांबा, तहान लागण्याआधी पाणी प्या. कामावर सावली आणि पाणी ठेवणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे. कुणी असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि लगेच १०८ वर फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. शेजारी काम करणाऱ्या माणसाचे लक्ष हीच आजची सर्वांत भरवशाची पट्टी आहे.