उलंगवाडीनंतरची पऱ्हाटी

कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की वऱ्हाडात उलंगवाडी होते. कापूस घरी येतो आणि शेतात उरतात त्या वाळलेल्या पऱ्हाट्या. हेक्टरी साधारण २ ते ३ टन! काही चुलीसाठी घरी येतात, पुष्कळशा धुऱ्यावर पेटवून दिल्या जातात. मी कला शाखेचा विद्यार्थी. परंतु शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे त्या ढिगात नेमके काय जळते, हा प्रश्न मला नेहमी पडे. शोध घेता जे समजले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आपला सदरा ज्या सेल्युलोजचा, तेच सेल्युलोज पऱ्हाटीच्या काडीतही असते. रुईत ते जवळजवळ शुद्ध असते, तर काडीत लिग्निन नावाचे द्रव्य त्याला घट्ट बांधून ठेवते. झाडाच्या लाकडाची घडणही अशीच. म्हणजे पऱ्हाटी हे एका हंगामात तयार होणारे लाकूडच होय. आपल्या पूर्वजांनी हे पुस्तकावाचून ओळखले होते. पऱ्हाट्या-तुराट्यांचा कुड उभारून त्यावर शेणामातीचा गिलावा दिला, की भिंत तयार होई.

आजचा पार्टिकल बोर्ड म्हणजे या कुडाचाच सुधारलेला अवतार. मुंबईत माटुंग्याला १९२४ साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाट्यांपासून असे बोर्ड बनविण्याची पद्धत विकसित केली. काड्यांचे बारीक तुकडे करायचे, चाळून धूळमाती काढायची, ते वाळवून त्यांवर चिकटद्रव्य फवारायचे आणि तापलेल्या दाबयंत्रात दाबायचे. त्यातून कपाटे, टेबले, दारे होतात. मात्र या कामी बहुधा यूरिया-फॉर्मल्डिहाइड वापरतात आणि फॉर्मल्डिहाइडची वाफ आरोग्यास घातक असते. म्हणून वनस्पतिजन्य चिकटद्रव्यांचा शोध चालू आहे.

मग पऱ्हाट्या अजून जळतात का? कारण विज्ञानात नाही, वाहतुकीत आहे. पऱ्हाटी वजनाला हलकी, पण जागा फार खाते. गाडी काठोकाठ भरली तरी वजन थोडेच भरते आणि भाडे मात्र पूर्ण पडते. शिवाय माल मिळतो वर्षातले काही महिने, कारखान्याला तो लागतो बाराही महिने. यावर उपाय एकच : धुऱ्यावरच यंत्राने तुकडे करून मग माल हलविणे. यात आणखी एक लाभ आहे. गुलाबी बोंडअळी उरल्यासुरल्या बोंडांत दडून पुढच्या हंगामाची वाट पाहते. २०१७ साली तिने विदर्भात केलेला घात शेतकरी विसरलेला नाही. पऱ्हाट्यांचा वेळीच भुगा झाला, तर तिचा आसरा मोडतो.

तथापि एक गोष्ट कोणत्याही प्रकल्पाच्या हिशेबात सहसा दिसत नाही. घरोघरी गॅस आला, तरी अनेक घरांत आंघोळीचे पाणी अजून पऱ्हाट्यांवरच तापते. ज्यांना स्वतःचे शेत नाही, अशा मजूर बायका दुसऱ्याच्या शेतातून मोळी आणतात; तिचे पैसे कोणी मागत नाही. उद्या पऱ्हाटीला भाव आला, की ही मोळी बंद होईल. भाव यावा, तो शेतकऱ्याच्या हाती पडावा, यात दुमत नाही. परंतु ज्या हातांनी कापूस वेचला, त्यांच्या चुलीची सोय आधी लागली पाहिजे. आपण ज्याला कचरा म्हणतो, ते कुणाचे तरी सरपण असते. कारखान्याचा आराखडा काढणाऱ्याने हा हिशेब पहिल्या पानावर मांडावा.