नेतृत्व ही अमानत : इस्लामी परंपरेतील शासकनीती

सत्ता कोणाच्या हाती असावी, हा राज्यशास्त्राचा प्रश्न होय; सत्ता हाती आलेल्या मनुष्याने कसे वागावे, हा नीतिशास्त्राचा. धर्मांच्या तौलनिक अभ्यासात हा दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. इस्लामविषयी आपल्याकडे जे लेखन होते त्यात लढाया, घराणी व राजवटी यांचाच विस्तार अधिक असतो. या धर्माने नेत्यावर कोणती नैतिक बंधने घातली, याची चर्चा क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात या बंधनांचे स्वरूप पाहावयाचे असून, ती कोठे अपुरी पडली हेही तपासावयाचे आहे.

अमानत, शूरा आणि अद्ल

‘अमानत’ हा शब्द मराठीस परका नाही. विश्वासाने सोपविलेली ठेव, हा त्याचा अर्थ. ठेव सांभाळणारा तिचा मालक नसतो. मागणी होताच त्याला हिशेब द्यावा लागतो. कुराणाच्या चौथ्या सूरेतील 58व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांना पोचत्या कराव्यात आणि लोकांमध्ये निवाडा करताना न्यायाने करावा, अशी आज्ञा आहे. पुढे इब्न तैमिया (मृत्यू 1328) या विद्वानाने याच आयतीच्या आधारे शासनविषयक ग्रंथ रचला व सार्वजनिक पद ही अमानत असल्याने त्यावर सामर्थ्य आणि सचोटी या दोन कसोट्यांवरच नेमणूक व्हावी, असे प्रतिपादिले. हदीस वाङ्मयात प्रत्येक मनुष्याला मेंढपाळाची उपमा दिलेली असून, त्याच्या स्वाधीन असलेल्यांविषयी त्याला जाब द्यावा लागेल, असे म्हटले आहे. जो पदाची हाव धरतो त्यास पद देऊ नये, हाही संकेत याच वाङ्मयात सापडतो.

दुसरी संकल्पना ‘शूरा’, म्हणजे विचारविनिमय. कुराणाच्या 42व्या सूरेचे नावच ‘शूरा’ आहे. या संकल्पनेची खरी परीक्षा इ. स. 625 मधील उहुदच्या लढाईच्या वेळी झाली. मदिनेत राहूनच बचाव करावा, असे पैगंबर मुहंमद यांचे स्वतःचे मत होते. परंतु अनेकांच्या, विशेषतः तरुणांच्या आग्रहावरून ते बाहेर पडले आणि मुसलमानांना पराभव सोसावा लागला. अनुयायांचा सल्ला घेणे यापुढे बंद करावे, असा निष्कर्ष कोणी यातून काढला असता. मात्र या प्रसंगाशी निगडित असलेल्या तिसऱ्या सूरेतील 159व्या आयतीत अनुयायांना क्षमा करण्याची आणि त्यांच्याशी सल्लामसलत चालूच ठेवण्याची आज्ञा आहे. सल्ला चुकला म्हणून सल्ल्याचे तत्त्व चुकले असे होत नाही, हा तिचा आशय होय.

तिसरी संकल्पना ‘अद्ल’, म्हणजे न्याय. स्वतःच्या, मातापित्यांच्या वा नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी साक्ष खरीच द्यावी (4:135) आणि एखाद्या समूहाविषयीच्या द्वेषामुळे न्यायापासून ढळू नये (5:8), असे कुराण बजावते. आप्तप्रेम व परद्वेष ही सत्ताधाऱ्याच्या अधःपतनाची दोन प्रमुख कारणे येथे नेमकी हेरलेली आहेत.

पहिल्या खलिफांचा आदर्श

इ. स. 632 मध्ये पैगंबरांच्या निधनानंतर अबू बक्र खलिफा झाले. त्यांच्या पहिल्या भाषणाचा वृत्तांत परंपरेने जतन केला आहे. आपण सर्वांत श्रेष्ठ नाही. योग्य वागलो तर साहाय्य करावे, चुकलो तर सरळ करावे. दुर्बलाचा हक्क त्याला मिळेपर्यंत तोच आपल्या लेखी बलवान राहील. आपण ईश्वर व प्रेषिताची आज्ञा मोडली तर प्रजेवर आपल्या आज्ञापालनाचे बंधन राहणार नाही, असा त्या भाषणाचा आशय आहे. आज्ञापालन सशर्त आहे, हे नेत्याने पदग्रहणाच्या क्षणीच मान्य करावे, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने असामान्य होती.

दुसरे खलिफा उमर (634–644) यांनी प्रांताधिकाऱ्यांच्या मालमत्तेची चौकशी करण्याची पद्धत पाडली व हजच्या काळात त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी ऐकल्या. इ. स. 639 च्या सुमारास अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला असता, सामान्यांना मिळेपर्यंत त्यांनी तूप व मांस वर्ज्य केल्याचे परंपरा सांगते. ‘बैत-उल-माल’ म्हणजे सार्वजनिक कोष ही शासकाची खासगी तिजोरी नव्हे, हा दंडक या काळात दृढ झाला. तिसरे खलिफा उस्मान (644–656) यांच्यावर आप्तांना मोठी पदे दिल्याचा आक्षेप आला. असंतोष वाढत गेला व त्यांची हत्या झाली.

मालिक अल्-अश्तर यांना दिलेले आज्ञापत्र

चौथे खलिफा अली (656–661) यांनी मालिक अल्-अश्तर यांची इ. स. 658 मध्ये इजिप्तच्या कारभारावर नेमणूक केली. त्यांना दिलेले आज्ञापत्र ‘नहजुल बलागा’ या संग्रहात 53वे पत्र म्हणून समाविष्ट आहे. हा संग्रह शरीफ रझी (मृत्यू 1015) यांनी, म्हणजे सुमारे साडेतीन शतकांनंतर, सिद्ध केला. त्यामुळे पत्राच्या शब्दशः प्रामाण्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि याच आशयाचे व बऱ्याच अंशी जुळणारे आज्ञापत्र काझी नुमान (मृत्यू 974) यांच्या ‘दआइमुल इस्लाम’ या त्याहून जुन्या ग्रंथातही आढळते. या ग्रंथाचे संपादन माथेरान येथे जन्मलेले मुंबईचे कायदेपंडित आसफ अली असगर फैजी यांनी केले व त्याचा पहिला खंड 1951 मध्ये कैरो येथून प्रसिद्ध झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद 1938 मध्ये सोडल्यानंतर त्या पदावर आले ते हेच फैजी होत.

या पत्रातील पहिलेच सूत्र लक्षणीय आहे. प्रजाजन दोन प्रकारचे असतात : काही शासकाचे धर्मबंधू, तर इतर मनुष्य म्हणून त्याच्यासारखेच. दोघांविषयीही अंतःकरणात करुणा असावी. शासकाने त्यांच्यावर टपलेले श्वापद होऊ नये. त्या काळी इजिप्तची बहुसंख्य प्रजा कॉप्ट ख्रिस्ती होती, हे ध्यानी घेतले म्हणजे या सूत्राचे वजन कळते.

त्यानंतर कारभाराचा तपशील येतो. मूठभर प्रतिष्ठितांच्या नाराजीपेक्षा सर्वसामान्यांच्या समाधानाला अधिक किंमत द्यावी. चुगलखोरास दूर ठेवावे आणि कटू सत्य सांगणाऱ्यास जवळ करावे. कृपण, भित्रा व लोभी यांचा सल्ला घेऊ नये. न्यायाधीशास इतके वेतन द्यावे की त्याला कोणापुढे हात पसरण्याची वेळ येऊ नये. अधिकारी पारखून नेमावेत, मर्जीने नव्हे. त्यांच्यावर विश्वासू निरीक्षक ठेवावेत. सारावसुलीपेक्षा जमिनीच्या भरभराटीकडे अधिक लक्ष पुरवावे, कारण जमीन उजाड झाली तर सारा तरी कोठून येणार? व्यापाऱ्यांना संरक्षण द्यावे, परंतु साठेबाजी रोखावी. आप्तांना जमिनी बहाल करू नयेत. शत्रूशी केलेला करारही पाळावा.

सर्वांत तळाशी असलेल्या दीन, अनाथ, वृद्ध व अपंग वर्गाविषयी पत्राचा सूर विशेष आर्जवी होतो. ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही, त्यांची वास्तपुस्त करण्यासाठी स्वतंत्र माणसे नेमावीत, असे ते सांगते. शिवाय शासकाने ठरावीक वेळी उघड्या सभेत बसावे व तेव्हा पहारेकरी आणि सैनिक दूर ठेवावेत, म्हणजे गाऱ्हाणे मांडणाऱ्याची जीभ अडखळणार नाही. दुर्बलाला तक्रारीचा हक्क देणे एवढ्यावर हे पत्र थांबत नाही. तो निर्भयपणे वापरता यावा, याचीही ते तजवीज करते.

हे आज्ञापत्र अंमलात मात्र आले नाही. मालिक इजिप्तला पोचण्यापूर्वीच वाटेत मरण पावले. त्यांना मधातून विष दिले गेले, असे वृत्तांत सांगतात. 661 मध्ये कूफा येथील मशिदीत अलींवर हल्ला होऊन त्यांचाही अंत झाला.

शिकवणीची मर्यादा

त्यानंतर मुआविया यांच्या हाती सत्ता गेली व त्यांनी आपल्या पुत्रास वारस नेमले. खिलाफत वंशपरंपरागत झाली. दुसरे उमर (717–720) यांच्यासारख्या खलिफाने बळकावलेल्या मालमत्ता परत करण्याचा प्रयत्न केला. परंतु तो अपवादच ठरला. मावर्दी (मृत्यू 1058) यांनी शासकाची 10 कर्तव्ये नोंदविली, अपात्रतेची कारणेही सांगितली. मात्र त्यास पदच्युत कोणी व कोणत्या रीतीने करावे, याची व्यवहार्य पद्धती सिद्ध झाली नाही. पुढे अराजकाच्या भीतीने अनेक धर्मशास्त्रज्ञांनी जुलमी सुलतानही सहन करावा, असे मत स्वीकारले. मुस्लिमेतर प्रजेला संरक्षण होते, तथापि जिझिया करासह तिचा दर्जा कनिष्ठच राहिला, आणि गुलामगिरीही टिकून राहिली. शासकाला त्याच्या सदसद्विवेकाचा व परलोकातील जाबाचा धाक होता; इहलोकी त्याला जाब विचारणारी संस्था दुबळी होती.

ही उणीव इस्लामी परंपरेतील विचारवंतांनीही ओळखली. इराणमध्ये 1906 साली राज्यघटनेची चळवळ यशस्वी झाल्यानंतर तिच्या समर्थनार्थ शिया धर्मशास्त्रज्ञ मुहंमद हुसेन नाईनी यांनी 1909 मध्ये एक ग्रंथ लिहिला. त्यांनी सत्तेचे दोन प्रकार मानले : शासक देशाला आपली मालमत्ता समजतो तो एक, आणि अमानत समजतो तो दुसरा. निर्दोष शासक उपलब्ध नसताना सत्ता अमानतच राहावी, यासाठी लिखित घटना व लोकप्रतिनिधींची सभा ही बाह्य बंधने आवश्यक ठरतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. जुन्या शिकवणीतील नीती त्यांनी टाकून दिली नाही. तिला नियमाचे व संस्थेचे पाठबळ शोधले.

इस्लामी शासकनीतीच्या या प्रवासातून एक गोष्ट स्पष्ट होते. नेत्याच्या चारित्र्यावाचून उत्तम नियमही निर्जीव राहतात. पण केवळ नेत्याच्या चारित्र्यावर विसंबलेली व्यवस्था त्या नेत्याबरोबरच संपते. अलींचे पत्र थोर आहे, यात संशय नाही. त्यातील उघडी सभा कोणत्याही शासकाच्या मर्जीवाचून भरत राहावी, अशी तरतूद करणे हे प्रत्येक समाजाने स्वतः करावयाचे काम आहे.